न शिवलेली थैली

१२ डिसेंबर. सकाळी नऊ ते साडेअकरा. ठिकाण – बोरगाव, माझ्या मोठ्या दिरांचं शेत. हजर – कमलाबाई, टोळीतल्या आणखी दोघी, आणि मी. काम – कापूस वेचायच्या नव्या थैलीची चाचणी.

ही नोंद माझी आहे. चार वर्षांपूर्वीची, नीट टाइप केलेली, माझ्या प्रकल्पाच्या फाइलचं पान एकतीस. आणि आजपर्यंत कोणालाच न सांगितलेली गोष्ट ही – नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – की त्या सकाळी असं काही झालंच नाही. मी बोरगावात नव्हतेच. घरातली जुनी डायरी काढून पाहिली. बारा डिसेंबरला मी पांढुर्ण्याला भाचीच्या साखरपुड्यात होते. नऊ वाजता पाहुण्यांना पोहे वाढत होते.

हजेरीत ‘आणखी दोघी’ असं लिहिलंय, नावं नाहीत. मला ओळखणाऱ्याला तिथेच संशय यायला हवा होता. मी नावाशिवाय हजेरी लिहीत नाही. सौसरला माझा शिवणवर्ग आहे, एकोणीस वर्षं झाली. कोणती मुलगी कोणत्या दिवशी का आली नाही, हे सगळं वहीत आहे. मग त्या दोघींची नावं का नव्हती? कारण त्या दोघी नव्हत्या. कमलाबाईंचं नाव मात्र खरं होतं. खोटं लिहायचंच होतं, तर तेही खोटं लिहायला काय झालं होतं?

क्रमाने सांगते. क्रम सोडला तर मी मधलं काहीतरी गाळेन, आणि मला माहीत आहे काय गाळेन.

बेचाळिसाव्या वर्षी मी डिझाइनच्या पदविकेला नाव घातलं. नागपूरचं कॉलेज, बहुतेक वर्ग घरूनच, लॅपटॉपवर. बरोबरची पोरं वीस-एकवीसची. पहिले दोन महिने मला माउस धरता येत नव्हता, तिसऱ्या महिन्यात मला त्याशिवाय करमेना. एका प्रोग्रामात कपडा न कापता, न शिवता, पडद्यावरच्या बाईच्या अंगावर चढवून बघता येत होता. खांदा दोन सूत कमी करा, झोळ गेला. रंग बदला, बदलला. आयुष्यभर चुकलेली शिवण उसवत आलेल्या बाईला हे काय वाटलं असेल, तुम्हीच बघा. मी खुशीत होते. ती खुशी खरी होती, तीही इथे लिहून ठेवते.

शेवटच्या सत्राला प्रकल्प होता. मी विषय घेतला कापूस वेचणाऱ्या बायांची ओटी. आमच्याकडे बाया जुन्या साडीचा तुकडा कमरेला बांधतात, समोर खोळ होते, तिच्यात कापूस टाकत जातात. ओटी भरली की कंबर ओढते. मी ठरवलं, वजन खांद्यावर घेणारी थैली काढायची. नोव्हेंबरात एकदा मी खरोखरच शेतात गेले. कमलाबाई तिथेच वेचत होत्या. आमच्या शेतात त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून येतात. त्यांचे फोटो काढले – समोरून, बाजूने, ओटी रिकामी, ओटी भरलेली. त्या म्हणाल्या, ओटीची गाठ एका हाताने ओढली की कापूस ढिगावर पडतो, दुसरा हात मोकळाच. मी ते लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे झालं, असं मला वाटायचं.

थैली मी पडद्यावर काढली. रुंद पट्टे, दोन क्लिपा, मागे कप्पा पाण्याच्या बाटलीसाठी. सरांना आवडली. म्हणाले, आता वापरणाऱ्यांसोबत चाचणी दाखवा – तारीख, हजेरी, फोटो, त्यांचे शब्द. यादीत लिहिलं: ‘नमुना शिवणे. बोरगाव.’ पहिल्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांची घाई होती. दुसऱ्यात साखरपुडा. तिसऱ्यात जायला निघाले तो शनिवार, जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या गर्दीने रस्ता भरलेला, अर्ध्यातून परत आले. असं करत करत फेब्रुवारी आला. गेले तेव्हा शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. वेचायला एक बोंड नव्हतं.

तो नमुना शिवायला मला दीड तास लागला असता. कापड कपाटात होतं. मी शिवणवाली बाई – आणि मी तो शिवलाच नाही.

त्याऐवजी मी नोव्हेंबरातला कमलाबाईंचा फोटो घेतला. त्यांच्या कमरेची ओटी पुसली. त्या जागी माझी थैली चढवली. पट्ट्याखाली सावली दिली, साडीच्या चुण्या दाबल्यासारख्या दाखवल्या, थैलीत कापूस भरला. तीन दिवस लागले. इतकं मन लावून मी कधी काही केलं नव्हतं. मग फोटोखाली त्यांचे शब्द लिहिले: ‘आता कंबर भरून येत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात.’ हेही मीच. आणि वर तारीख टाकली, वेचणीच्या दिवसांतली.

इतकंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते, असं वाटतं. कॉलेजात खोटी चाचणी दाखवणारी मी एकटी थोडीच असेन? – पण हे वाक्य मी इथेच थांबवते. त्याची दिशा मला ओळखीची आहे.

प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. फाइल एका संस्थेच्या हाती गेली. ती संस्था दरवर्षी आमच्या भागातल्या शेतात राबणाऱ्या बायांना एक वस्तू देते. वस्तू एकच. त्या वर्षी बोरगाव आणि लोधीखेड्याच्या बायांनी रबरी बूट मागितले होते, साप-विंचवासाठी. संस्थेच्या मॅडमनी माझी फाइल पाहिली आणि बुटांऐवजी थैल्या शिवून आणल्या. का नाही आणणार? फोटो होता. टोळीतल्याच बाईने वापरून पाहिलेली, तिच्याच शब्दांत.

दसऱ्यानंतर सौसरला वाटप झालं. मागे कमलाबाईंचं मोठं पोस्टर. त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या, नातवाला ताप होता. मला शाल मिळाली.

थैली आठ दिवस चालली. घामाने पट्टा मान कापायचा. क्लिपा काढायला दोन्ही हात लागायचे, त्यात कापसाचे धागे अडकायचे. बायांनी थैल्या गोठ्यात टाकल्या आणि पुन्हा साडीचे तुकडे बांधले. त्याच महिन्यात टोळीतल्या एकीला साप चावला. वाचली ती, पण पाय अजून ओढत चालते. मग राग कुठे जाणार? माझ्यावर नाही आला. माझं नाव पोस्टरवर खाली बारीक होतं. चेहरा कमलाबाईंचा होता.

“हिरोईन आली पाहा,” असं बाया म्हणायच्या, हे मला नंतर कळलं. “फोटू काढाले कमली, अन् बूट गेले आमचे.” त्यांच्या ऑटोत कमलाबाईंना जागा मिळेना. पंधरा-वीस दिवस त्या चालत वावरात गेल्या. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मी थैली घातलीच नाही. कोण ऐकणार? पोस्टर तर सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता येते तिथे.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर त्या माझ्याकडे आल्या. चपला बाहेर काढल्या, दारातच बसल्या. पोस्टरचा तुकडा घडी घालून आणला होता. तो उघडून मशीनवर ठेवला.

“बाई, हा फोटू कवाचा हाये?”

“मागच्या डिसेंबरातला,” मी म्हटलं.

“मी घातली होती हे थैली?”

मी हो म्हटलं.

त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. बोटाने साडीवरून रेघ काढली. “लुगडं त माहंच हाये. हे पाहा, ठिगळ. वावर बी आपलंच हाये.” मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी हरवलेली वस्तू माझ्या घरात राहिली का, असं विचारायला आल्यासारखा चेहरा होता. “मले त कायीच याद नाही येऊन राहिलं, बाई. मी साऱ्याईले सांगून राहिली का नाही घातली म्हणून. अन् फोटू त खोटा बोलत नाही नं?”

इथे मला वेळ होता. कोणी घाई करत नव्हतं. वर्गात आम्ही दोघीच होतो. फार फार तर काय झालं असतं – शाल परत गेली असती, कॉलेजने नंबर काढून घेतला असता, सौसरात चार दिवस बोललं गेलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात क्रमाने येऊन गेलं, एक, दोन, तीन, आणि मी म्हटलं:

“विसरल्या असाल, कमलाबाई. वय झालं आता.”

हे ते वाक्य. खोटा फोटो मी घरी बसून केला. हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहून केलं.

त्या हसल्या. “होय, असंच झालं असन. मांगच्या हप्त्यात चुलीवर दूध ठेवलं अन् वावरात चालली गेली.” पोस्टरची घडी घातली. उठताना म्हणाल्या, “बरं झालं विचारलं. मी उगाच बायाईले खोटं पाडून राहिली होती.”

त्या थेट गेल्या आणि टोळीपुढे हात जोडले. मी थैली घातली होती, विसरले, माझ्यामुळे तुमचे बूट गेले – असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. बायांनी माफ केलं. ऑटोत जागा मिळाली. मला वाटलं, मिटलं. यादीतून एक ओळ खोडावी तसं मी ते मनातून खोडलं.

कमलाबाईंना अक्षर येत नाही. पण बोरगावच्या विहारात पौर्णिमेला वंदना त्याच पुढे बसून म्हणायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंडपाठ, बाकीच्या त्यांच्यामागून. कोणाचं पोर कापसाच्या कितव्या वेच्याला झालं, कोणाची मुलगी कुठे दिली, हेही लोक त्यांनाच विचारायचे. गावाला वही लागत नव्हती, त्या होत्या.

पुढच्या वर्षी त्यांची सून रेखा माझ्या वर्गात शिवण शिकायला आली. बॉबिन भरता भरता एकदा म्हणाली, “आमची बुढी आता मांगं बसते विहारात. म्हणते, मधातच एखादी ओळ चुकली त? लोकं हसतीन.” मी कापड कापत होते, कापत राहिले. काही दिवसांनी म्हणाली, बुढी पदराला गाठी मारते, मग गाठ कशाची होती ते विचारत फिरते. गॅस बंद केला का, हे तीनदा पाहते. कोणी जुनं काही विचारलं तर म्हणते, मला विचारू नका, माझा भरवसा नाही.

भरवसा नाही, असं त्या स्वतःबद्दल म्हणतात. आणि तो कोणी काढून घेतला?

मग रेखाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. आदल्या दिवशी माझ्याकडे आली. “बाई, बुढी विसरते हे सर्वात पहिले तुमच्याच ध्यानात आलं होतं नं? डॉक्टर विचारतीन, कवापासून. सांगा बरं.”

तुम्ही म्हणाल, इथे तरी सांगितलं असेल. मी महिना सांगितला, त्या पोस्टर घेऊन आल्या होत्या तो. आठवून, नेमका, वर्षासकट. नोंदी ठेवणाऱ्या बाईचा शब्द म्हणून रेखाने तो कागदावर लिहून घेतला, आणि तो कागद आता दवाखान्याच्या फाइलमध्ये लागलाय. तपासण्यांत काही निघालं नाही. तरी माझ्या त्या महिन्यावर विसंबून गोळी सुरू झाली. कमलाबाई ती रोज सकाळी चहाबरोबर घेतात. घेतली की नाही, हे रेखाला विचारतात.

मी पदविका पूर्ण केली. वर्गात आता दोन कॉम्प्युटर आहेत, मुलींना मीच शिकवते, आणि पहिल्या दिवशी सांगते की पडद्यावर काढलेलं शिवून अंगावर घालून पाहिल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. मुलींना वाटतं, मॅडम कडक आहेत.

मूळ फोटो माझ्याजवळ आहे. कमरेला ओटी, एक हात गाठीवर, पदराला तेच ठिगळ. काय करायचं ते मला माहीत आहे, क्रमही माहीत आहे. फोटो मोठा छापून आणायचा. रेखाला आधी सांगायचं, म्हणजे ती डॉक्टरांना भेटून फाइलमधला महिना खोडून घेईल. मग पौर्णिमेला बोरगावला जायचं आणि वंदना संपल्यावर, सगळ्या बसलेल्या असताना, कमलाबाईंना सांगायचं की तुम्ही काहीच विसरला नव्हता. तिन्ही कामं सहा महिन्यांपासून लिहून ठेवली आहेत. स्टुडिओ माझ्या वर्गाच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की आला.

फोटो अजून छापायला दिलेला नाही.