हरल्याचा आनंद

शेतकी खात्यातला तो माणूस माळावर उभा असलेला मी कधी पाहिलाच नाही. रुमी टोपी बाजूला ठेवून तो कायम पालथा पडलेला असायचा, इवल्या रोपांना डोळे भिडवून. बोलणं एका दमात आणि दर वाक्याला "बघा की!"

हळ्ळीखेडच्या मुरमाड गायरानात त्यानं गवतातच हुलगा पेरला. अर्ध्या पट्ट्याला विलायती पांढरं खत टाकलं आणि गावभर सांगितलं, खताचाच हुलगा जोमानं येणार.

एका सकाळी त्यानं मला शाळेतून ओढतच माळावर नेलं. खताच्या पट्ट्यात गवत गुडघ्याला लागत होतं, आणि त्याच्या सावलीत हुलग्याची रोपं पिवळी पडून मेली होती. बिनखताचा हुलगा मात्र खुरट्या गवतात मजेत पसरला होता. त्यातलं एक रोप त्यानं उपटलं.

"खत सगळं गवतानं खाल्लं, बघा की! अन् ह्येच्या मुळीवर गाठी! ह्येचं खत ह्योच करायलाय! मी साफ हरलो की, मास्तर!"

तो चक्क नाचत होता.

मी म्हणालो, "उद्या तुमचे साहेब यायलेत. खत त्यांनीच पाठवलेलं. हा खताचा पट्टा आजच कापून टाका, न्हाईतर नोकरी जाईल."

"कापू कामून? मग साहेबांना दिसायचं कसं?"

आणि गळ्यातला लाल रुमाल सोडून त्यानं त्याच पट्ट्यात काठीला बांधला, लांबून दिसावा म्हणून.