मंजुश्रीचे चार गुण

धाड गावच्या माणिकरावांची मुलगी समता बुलढाण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर मायक्रोप्रोसेसर शिकवायची. दर जूनमध्ये विभागप्रमुखांनी बोलावलं तरच काम. पाच वर्षं त्यांनी बोलावलं. असेंब्ली भाषा म्हटलं की पोरं कंटाळायची. पण समता फळ्यावर एएक्स रजिस्टरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याचा, चौकोन काढायची आणि मधोमध रेघ मारायची. वरचा अर्धा एएच, खालचा एएल. खालच्यात काहीही भरा, वरच्याला धक्का लागत नाही, हे ती घोटून घ्यायची.

सत्र परीक्षेत त्यावरच चार गुणांचा प्रश्न आला. एएक्समध्ये १२३४ आहे, एएलमध्ये शून्य भरलं तर एएक्समध्ये काय उरेल? वरचे १२ तसेच राहतात, म्हणून उत्तर १२००. विभागप्रमुखांच्या उत्तरसूचीत मात्र नुसतं शून्य होतं. त्यांच्या नोट्स पाठ केलेल्या सगळ्या पोरांनी शून्यच लिहिलं. १२०० लिहिलं एकट्या मंजुश्रीनं.

समता सूची घेऊन विभागप्रमुख साहेबांकडे गेली. नव्या प्रोसेसरमध्ये खालचा भाग भरला की वरचा आपोआप शून्य होतो, असं साहेबांचं म्हणणं. ते चौसष्ट बिटांच्या रजिस्टरचा बत्तीस बिटांचा भाग भरला तरच, असं तिनं सांगितलं आणि प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर प्रोग्राम चालवला. पडद्यावर १२०० आलं. त्यांनी ते नीट पाहिलं.

"मॅडम, सूचीवर माझी सही झाली आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि जून जवळ आलाय."

समतानं चार गुण कापले, गुणपत्रकावर सही केली. मंजुश्री दोन गुणांनी नापास झाली. वर्ष वाया गेलं, मग वडिलांनी शिक्षणच थांबवलं.

जूनमध्ये समताला बोलावणं आलंच नाही. तिच्या जागी साहेबांच्या साडूची मुलगी लागली.

दिवाळीनंतर धाडच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात मंजुश्री काउंटरवर दिसली. तिनं मॅडमला बसायला स्टूल दिलं.

"मॅडम, माह्यं उत्तर चुकलं होतं का हो?"

"नाही. बरोबर होतं."

"तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मले वाटे, मलेच समजलं नसन. पुस्तकं रद्दीत देऊन टाकली म्या."

समतानं काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक गिऱ्हाईक चार्जर मागत आत आलं आणि मंजुश्री त्याच्याकडे वळली.