आकाशगंगेतलं ॲल्युमिनियम

चंडीगड स्टेशनावर मला घ्यायला इरा आली होती, माझ्या धाकट्या भावाची, वसंताची मुलगी. वसंताला जाऊन दीड महिना झाला होता. रिक्षातून रुंद, सरळ रस्ते आणि चौकाचौकांत फुलांची वर्तुळं दिसत होती. संस्थेतलं त्याचं सामान आवरायला आलेली मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. तिच्यात रबरी हातमोजे होते.

वसंता मोहालीत, नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत संशोधन करायचा. आकाशगंगेतली किरणोत्सारी मूलद्रव्यं, एवढंच मला ठाऊक. त्याला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा साताऱ्यात मीच सगळ्यांना सांगितलं, ‘त्या कामानंच झालं.’ मी शाळेत मराठी शिकवत असे. विज्ञानाच्या बाईंना विचारावं, एवढंही सुचलं नाही. शेवटच्या दिवाळीला तो आला, तर त्याची ताट-वाटी मी वेगळी ठेवली. त्यानं माझ्या नातीला उचललं, तशी ‘भूक लागलीय तिला’ म्हणत मी तिला काढून घेतलं.

संस्थेत त्याची सहकारी हरप्रीत भेटली. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. “पहले रोटी-शोटी, दीदी, फिर सामान,” म्हणत तिनं मेसमध्ये नेलं. राजमा-चावलनंतर घरून आणलेली पिन्नी (कणकेचा तुपातला लाडू) हातावर ठेवली. “वसंत जी दो खाते थे, और झूठ बोलते थे, एक ही खाई.”

मग त्याची खोली. टेबल, संगणक, भिंतीवर एक नकाशा. मी हातमोजे चढवले.

“ये क्या दीदी, बर्तन मांजने हैं?”

“नहीं... वो किरणें...” मी पुटपुटले.

हरप्रीतचं हसू मावळलं. इरा खिडकीबाहेर बघू लागली.

“यहाँ कुछ नहीं है जी,” हरप्रीत हळू म्हणाली. मग तिनं समजावलं. अवकाशातून येणारे ते गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, हवा त्यांना अडवते. वर उपग्रहावरचं यंत्र ते टिपतं, खाली येतात फक्त आकडे. आकाशगंगेच्या त्या नकाशातला उजळ पट्टा म्हणजे हे किरण सोडणारं एका जातीचं ॲल्युमिनियम. प्रचंड तारे ते घडवतात आणि मरताना उधळतात. ते निम्मं व्हायला सुमारे सात लाख वर्षं लागतात. आकाशगंगेच्या वयापुढे तो काळ क्षणाएवढा. म्हणून ते दिसतं तिथे तारे अलीकडेच जन्मले-मेले, असं समजायचं.

“ये तो बस गिनती देखते थे, दीदी. सारा दिन गिनती.”

मी हातमोजे काढले. बोटं घामानं चिकटली होती.

बाहेर आल्यावर इराला विचारलं, “दिवाळीत बाबाला कळलं होतं का गं?”

“हाँ आत्या. पहले दिन ही.”

“मग बोलला का नाही?”

“बोले, ताई पूछेगी तो बता दूँगा.”

चार दिवस तो माझ्या घरी होता. मी एकदाही विचारलं नाही.

परत आल्यावर घरच्यांना बसवून सगळं सांगितलं. मुलगी बाळाला थोपटत ऐकत होती. म्हणाली, “मग मामाला लांब का ठेवलं आपण?”

“आपण नाही,” मी म्हटलं. “मी.”