पणजीबाईंची ओटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की माझी गाडी घसरते आणि मी भलतंच काही सांगत बसते. लोक स्वतःची फजिती करून घेतात, शेजाऱ्याची करतात. मी एका अशा गृहस्थांची केली, जे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारले होते. आणि तीही साधीसुधी नाही, चांगली हळदीकुंकू लावून, खणानारळासकट.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन बंगळुरात आले. सासरचे मराठीच, पण इतक्या पिढ्या तिथे मुरलेले की भांडण रंगलं की आपोआप कन्नडमध्ये शिरायचे. घर जे. पी. नगरला. आमचे हे, विलास, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर मशीनच्या आवाजात काढतात, म्हणून घरी आले की बोलत नाहीत. मी दोघांचं बोलते.

आणि सासरे, अण्णा. ऐंशीच्या घरातले, शांत, भाताबरोबर सारू, म्हणजे तिकडचं सार, भुरकणारे. त्यांच्या मनात एकच गोष्ट राहून गेली होती. सर्जापूर रोडला, तेव्हा ते पार शहराबाहेर, घराण्याची जुनी दफनाची जागा होती. आमच्यात पूर्वी पुरायची पद्धत होती. अण्णांच्या आजोबांपासून दहन सुरू झालं, मळा विकला गेला आणि तिकडे जाणं सुटलं. लहानपणी आजीचं बोट धरून अण्णा तिथे दिवा लावायला जायचे.

"गुडघे चालतायत तोवर एकदा जाऊन येऊ गं," असं ते दर अमावास्येला म्हणायचे, आणि आम्ही दर अमावास्येला "जाऊ या" म्हणायचो.

मग एकदा यशवंतपूरची नणंद, मालाताई, बातमी घेऊन आली. मालाताईंच्या जिभेला हाड नाही. त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या, "अण्णा, तिकडची शेतं विकतायत. लेआउट पडतंय. तुमचे पणजोबा कुणाच्या तरी बेडरूमखाली जाणार बघा."

अण्णांनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या रविवारी आम्ही निघालोच.

जमिनीचा मालक मुनियप्पा नावाचा, भला माणूस. अण्णांना बघून त्याने खुर्ची मागवली. "अण्णा, तुमची थोरली माणसं आहेत, मी हात लावणार नाही. तुमचं काय ते दाखवा, कुंपण घाला. बाकीच्यातून रस्ता जाणार. फक्त स्वल्प लवकर करा, बुलडोझर येतोय."

तुमचं काय ते दाखवा, म्हणे! दाखवणार काय, कपाळ? सगळीकडे घाणेरीची झुडपं, माणसाच्या डोक्याएवढी उंच. कोयते घेऊन आम्ही कितीतरी रविवार घालवले. शेवटी दोन दगडी चौथरे निघाले. अण्णांनी लगेच ओळखले. एक पणजोबांचा, एक त्यांच्या भावाचा.

"आणि पणजी?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "आजी सांगायची, तिची सासू नवऱ्याआधी गेली, हिरव्या चुड्यासकट. आजी पहिला दिवा तिच्याकडेच लावायची. पण ती नेमकी कुठं, ते मला आठवंना झालंय गं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते बघवेना. आणि मला एखादी गोष्ट बघवेना झाली की मी ती सोडवायला जाते, हा माझा जुना रोग.

मी पुन्हा घाणेरीत शिरले. जरा अंतरावर, अगदी दाट झुडपात, माझा हात दगडाला लागला. चौकोनी, कमरेइतकं उंच, कडेने कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, वर खोलगट जागा. आता तुम्हीच सांगा, मराठी बाईला असा दगड दिसला तर ती काय म्हणेल?

"अण्णा, तुळशीवृंदावन! पणजी सापडल्या!"

आमच्या पुण्या-साताऱ्याकडे जुन्या घराण्यांत बाई गेली की तिच्या जागेवर दगडी वृंदावन बांधायचे. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. दुसऱ्या वर्गात, पण झालेली.

अण्णा जवळ आले, दगडावरून हात फिरवला. "आपल्यात वृंदावन बांधत होते का गं?"

"बांधतच असणार. चौथरे पुरुषांचे, वृंदावन बाईचं. इतकं उघड आहे."

"मग पणजोबांपासून एवढं लांब?"

"जुन्या काळची मर्यादा, अण्णा."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे कन्नडमधलं 'बरं'. माझ्यापुढे घरात सगळे शेवटी "सरी" म्हणतात, त्याचाच हा परिणाम.

एकच अडचण होती. पणजीबाई बरोब्बर नव्या रस्त्याच्या मधोमध येत होत्या. मुनियप्पा डोकं खाजवत म्हणाला, "अक्का, त्या दगडाला थोडं इकडं सरकवलं तर?"

"तुमच्या आजीला कोणी 'जरा सरका' म्हटलं तर चालेल तुम्हाला?"

झालं. मुनियप्पाने नकाशा पालथा घातला. रस्ता वळवायचा ठरला, त्यात त्याच्या दोन साइट गेल्या. साइट म्हणजे बंगळुरात प्लॉट, आणि तिथे माणूस एक वेळ दात काढून देईल, पण साइट देणार नाही. जाता जाता त्याने विचारलं, "अक्का, नक्की तुमची अज्जीच ना?"

"शंभर टक्के," मी म्हणाले.

मग काय, पणजीबाईंचं नशीबच उघडलं. मी दगड घासला, चुना लावला, वर तुळस लावली. रविवारी अण्णांना चौथऱ्यापाशी सावलीत बसवायचं आणि आपण वृंदावनाला टेकून गप्पा मारायच्या, असा माझा नेम सुरू झाला. सासरी मन मोकळं करायला बाई माणूस मिळाली की कसं बरं वाटतं! मी त्यांना सगळं सांगितलं. मालाताईंचे टोमणे सांगितले, विलासचं घोरणं सांगितलं. बायकांची दुखणी असतात, जी आपण डॉक्टरलाही अडखळत सांगतो, तीसुद्धा तपशीलवार सांगितली. पणजीबाई ऐकून घ्यायच्या. उलट शब्द म्हणून नाही.

पुढे पितृपंधरवडा आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. आमच्या घरात ते बंदच पडलं होतं. मी ठरवलं, पणजींची नवमी त्यांच्या जागेवरच करायची. नात्यातल्या झाडून सगळ्या बायकांना निरोप गेला.

"वहिनी, मसणात ओटी भरायची?" मालाताई म्हणाल्या.

"मसणात नाही, पणजींकडे."

आल्या सगळ्या. मी हिरवी नऊवारी घेतली होती, लुगड्याच्या दुकानात तासभर घासाघीस करून. ती वृंदावनाला नेसवली. दगडाला कंबर नसते, त्यामुळे निऱ्या ठरेनात, पण मी हार मानली नाही. कोपऱ्यांवर हिरव्या बांगड्या चढवल्या. गजरा माळला. मालाताईंनाही चेव आला, त्यांनी पर्समधली खोटी नथ काढून दोऱ्याने बांधली. मग आम्ही ओळीने ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ, फणी, आरसा. इतकं झाल्यावर मला राहवतंय थोडंच? मी हात जोडून उखाणा घेतला.

"नाचणीच्या शेतात वाऱ्याची लाट, विलासरावांचं नाव घेते, पणजींनी पाहिली वाट."

बायका हसल्या. अण्णा लांबून हसले. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर बस थांबली आणि एक म्हातारे गृहस्थ घाईघाईने शेत तुडवत आमच्याकडे आले. धोतर, उपरणं, कपाळावर उभी काळी रेघ. चपला त्यांनी लांबच काढल्या. वृंदावनासमोर येऊन उभे राहिले आणि बघतच राहिले.

मग कन्नडमध्ये हळूच विचारलं, "यारु ई सीरे उडिसिद्दु?"

साडी कोणी नेसवली, एवढं मलाही कळलं. मला वाटलं, कौतुक करतायत.

"मीच," मी म्हणाले. "निऱ्या जमत नव्हत्या, पण जमवल्या."

त्यांनी नाव सांगितलं, श्रीनिवासाचार, सगळे नुसतं आचार म्हणतात, निवृत्त शाळामास्तर. मग ते अण्णांशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलले, आणि अण्णा आम्हाला मराठीत सांगू लागले. सांगता सांगता अण्णांचा आवाज खाली खाली जायला लागला.

"हे म्हणतात, त्यांच्यात संन्यासी गेले की त्यांच्यावर असंच वृंदावन बांधतात. तुळशीच्याच आकाराचं. हे म्हणतात, हे त्यांच्या मठाचे गुरू. फार जुने. लहानपणीच संन्यास घेतलेले." अण्णांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. "आयुष्यात कधी बाईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणतात. बाई समोर आली की नजर पायाशी."

मी गुरूंकडे पाहिलं. हिरवी नऊवारी, नथ, गजरा, चुडा. पुढ्यात डोकं भादरलेल्या संन्याशासाठी अर्धा डझन फण्या. आणि गेले कित्येक रविवार मी त्यांना काय काय सांगितलं होतं, ते सगळं एकदम आठवलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण तिथे आधीच माणसं होती.

 मालाताईंनी पुढे होऊन गुपचूप नथ सोडवली.

नेमका तेव्हाच मुनियप्पा आला. रस्त्याच्या खुणा मारायला माणसं आली होती, बुलडोझर पलीकडे उभा होता. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "अक्का, इदु निम्म अज्जी अल्लवा?" ही तुमची आजी नव्हे का, असं तो मलाच विचारत होता. 

उत्तर अण्णांनी दिलं. काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "नाही मुनियप्पा. आमची चूक झाली. आमच्या शब्दावर तू रस्ता वळवलास, दोन साइट सोडल्यास. आता आम्ही तुला अडवणार नाही."

 ज्या पणजीसाठी माणूस इतका झुरला, ती सापडली म्हणता म्हणता माझ्या पांडित्यापायी त्याला एका वाक्यात सोडून द्यावी लागली होती. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"कसला रस्ता?" आचारांनी विचारलं.

मुनियप्पाने हाताने रेघ काढून दाखवली, हा असा सरळ, याच्या वरून. बोलता बोलता तो मध्येच थांबला. आपण काय करायला निघालो होतो, ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि वृंदावनापुढे आडवा पडला. उठला तो माणसांना ओरडून सांगतच. रस्ता वळवलाय तसाच राहील, अजून दोन हात लांबून घ्या.

आचार माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. म्हटलं, आता ऐकून घ्यायचं.

"अम्मा," ते म्हणाले, आणि या वेळी अण्णांचा आवाज सांगताना खाली गेला नाही, "मठात सांगतात, एका मराठी रिसालदाराच्या मळ्यात गुरूंनी देह ठेवला. रिसालदाराने जागा दिली आणि आपल्या माणसांनाही इथेच जवळ पुरायला सांगितलं. मी या रस्त्याने कितीदा बसने गेलो. झुडपांत कुठे शोधणार? आज खिडकीतून हिरवं काहीतरी चमकलं, म्हणून उतरलो."

"रिसालदार?" अण्णा म्हणाले. "आमचे पणजोबा रिसालदार होते." आणि ते चौथऱ्याकडे बोट दाखवत राहिले. हसत होते की रडत होते, सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

पुढच्या रविवारी आचार मठातली माणसं घेऊन आले, मुनियप्पाने आपली दिली. सगळी झुडपं निघाली. पणजोबांच्या चौथऱ्याला अगदी लागून, मातीत बुडालेला एक बुटका चौथरा सापडला. अण्णा त्याच्यापुढे बसले. मग पहिला दिवा तिथे लावला. वाऱ्याने दोनदा विझला, तिसऱ्यांदा टिकला.

"हीच असेल ना गं?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, मला नका विचारू," मी म्हणाले.

आता तिथे चारी बाजूंनी इमारती आहेत आणि रस्ता अजून वाकडा आहे. कुंपणाच्या आत गुरू आणि आमची माणसं शेजारी शेजारी आहेत. साफसफाई कधी मठ करतो, कधी आम्ही. मी गुरूंना लांबून नमस्कार करते आणि बोलत काहीच नाही. त्यांनी पुष्कळ सोसलंय.

राहता राहिली ती साडी. आचारांनी ती त्या दिवशी हलक्या हाताने उतरवली, नीट घडी घातली आणि ओंजळीत धरून मला दिली. गुरूंच्या अंगावरचं वस्त्र म्हणजे प्रसाद, तो परत करायचा नसतो म्हणाले. मी ती ठेवून दिली होती. पुढे विलासच्या चुलतभावाच्या लग्नात, अण्णांच्याच आग्रहाने, नेसले. मुलीकडच्या एक बाई माझा पदर हातात घेऊन बघायला लागल्या. "काय सुंदर नऊवारी आहे हो. जुनी दिसते. सासूबाईंची का?"

मी तोंड उघडायच्या आत मालाताई म्हणाल्या, "छे हो, सासूबाईंची कुठली? एका संन्याशाची आहे. आमच्या वहिनींनीच उतरवायला लावली त्यांना."