अण्णांचं नाव मेयोच्या रेडिओवर

देवळाली कॅम्पहून मला एअरपोर्टला नेणारी गाडी सुरू झाली, तेव्हा अण्णा खिडकीपाशी वाकून एकच वाक्य तीनदा बोलले, "पोहोचलीस की कळव." आई रडत होती. दादा, तू बॅगा मोजत होतास. चार वर्षं झाली, मी कळवतेय. पोहोचले, जेवले, ड्युटी संपली, आजही पाऊस थांबला नाही. शिंक आली तरी कळवलं. आणि तुम्ही?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाची काउंटी आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. तिथे एका नर्सिंग होममध्ये मी म्हाताऱ्यांची सेवा करते. तुम्हाला मेयो फोटोंपुरती माहीत. हिरवे डोंगर, पाठीवर लाल-निळा रंग फासलेल्या मेंढ्या, समुद्रात तुटलेले कडे. वहिनी, तुझ्या स्टेटसला तेच असतात. अण्णांना कड्यांचं काही कौतुक नव्हतं. "तिथली माणसं काय खातात, कशी जगली, ते सांग," म्हणायचे.

म्हणून मार्चमध्ये सुट्टी मिळाली तेव्हा मी मुद्दाम इथल्या एका बेटावरचं ओसाड गाव बघायला गेले. छप्पर उडालेली दगडी घरं, एकापुढे एक. या भागात पूर्वी बटाट्याचं पीक सडलं, माणसं भुकेनं मेली, उरलेली कितीतरी बोटीत बसून कायमची गेली. डोंगराच्या उतारावर त्यांच्या बटाट्याच्या वाफ्यांच्या रेघा अजून दिसतात. वाऱ्यात उभं राहून हे सगळं मी अण्णांना व्हॉइस मेसेजवर सांगितलं. पाच-सहा मेसेज केले. प्रत्येकाला ब्लू टिक आली.

अण्णांना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

दादा, अण्णांच्या फोनवर माझे मेसेज तू उघडत होतास. ग्रुपवर माझ्या फोटोंना अंगठा दाखवलास, "मस्त!" लिहिलंस. लाज नाही वाटली? पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, मांडव उतरला, पाहुणे गेले, मग तुला माझा नंबर आठवला. म्हणे, "परक्या मुलखात एकटी, तुला धक्का बसला असता. आणि निघाली असतीस तरी वेळेत पोहोचली असतीस का?" नसते पोहोचले. पण रडले तर असते! बाप गेलाय आणि मी कड्यावर उभी राहून सेल्फी काढतेय, हे तू माझ्या वाट्याला आणलंस. वर म्हणायचं, तुझ्या भल्यासाठी. खड्ड्यात गेलं असलं भलं.

आता इथलं ऐक. इथे रोज सकाळी लोकल रेडिओवर गेलेल्या माणसांची नावं वाचतात. नाव, गाव, कुणाचा कोण, अंत्यविधी कुठे. आमच्याकडच्या नव्वदीच्या नोरा आजी तेवढा वेळ कुणाला चमचासुद्धा वाजवू देत नाहीत. मला आधी ते फार अभद्र वाटायचं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "अभद्र कसलं गं? माणूस गेला तर गावाला कळायला नको?"

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आजींना गोळ्या द्यायला गेले आणि तिथेच कोसळले. त्यांनी अण्णांचं नाव विचारलं, कागदावर लिहून घेतलं आणि मुलीला फोन लावायला लावला. पुढच्या सकाळी रेडिओवर मेयोच्या दोन शेतकऱ्यांच्या नावांमध्ये आपल्या अण्णांचं नाव आलं. वाचणारी अडखळली, आडनावाची पार वाट लावली. नाशिक, इंडिया, म्हणाली. आपल्या गावातल्या नर्सचे वडील, म्हणाली.

त्या संध्याकाळी माझ्या दारात रांग लागली. पोस्टातली बाई, शेजारचा मेंढ्यावाला, आजींची मुलगी, काही तर मी कधी न पाहिलेले. एकेकाने माझा हात हातात घेतला, वाईट झालं म्हणाला, ओट्यावर सँडविचचं ताट ठेवलं. हिला सोसेल का, असा विचार कुणी केला नाही. सोसायचं माझं मी बघणार, हे त्यांना न सांगता कळलं.

दादा, राग जाईल तेव्हा जाईल, आत्ता आहे. आईला साधा ताप आला तरी पहिला फोन मला. यायचं की नाही, रडायचं की नाही, ते माझं मी ठरवेन. घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं तर तोंडातून अजून नाशिकच निघतं. ते तसंच निघावं असं वाटत असेल, तर कळवत जा.