जुलैचा रकाना

मूर्तिजापूरच्या अपेक्षा तायडेनं दोन वर्षं बार्शीटाकळीकडच्या एका धरणाचं पाणी गाळलं. दर महिन्याला तीन ठिकाणी: ओढा धरणाला मिळतो तिथं, मधोमध आणि भिंतीपाशी. बारीक जाळीत अडकणारे, धुळीच्या कणांसारखे दिसणारे जीव ती बाटलीत भरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. माशांची पिल्लं याच जिवांवर वाढतात. ते कुठल्या ऋतूत कुठं दाटतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. होडी रामराव भोयांची. मच्छीमार संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन. धरणावर तिला त्यांनीच नेलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत पूर आला. महिनाभर होडी पाण्यात उतरली नाही. तक्त्यातला तो रकाना कोरा राहिला.

"मागच्या जुलैचे आकडे थोडे वरखाली करून टाक," मार्गदर्शक सर म्हणाले. "एका महिन्यापायी वर्ष घालवणार का?"

मागचा जुलै कोरडा गेला होता. तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी नितळ पाण्यात जीव नुसते वळवळत होते. पुराच्या गढूळ लोंढ्यात तसं असणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिशी उलटली होती, आणि वडील धर्मपाल रोज विचारत, "झालं का व माय?" तिनं आकडे भरले. पदवी मिळाली, त्या जोरावर नोकरी लागली. धर्मपालांनी दारावर 'डॉ.' लिहिलेली पाटी ठोकली.

पुढच्या उन्हाळ्यात रामराव त्याच दारात आले. "मॅडम, जुलैत मासोळीचं बीज सोडाचं हाये. कोन्या बाजूनं सोडाव?"

तिनं तक्ता दिला. दोन्ही जुलैत ओढ्याचं तोंड जिवांनी गच्च. तेव्हाच बोलायला हवं होतं. "यावरून ठरवा," एवढंच ती म्हणाली.

जुलैत पुन्हा पूर आला. बीज, म्हणजे माशांची इवली पिल्लं, ओढ्याच्या तोंडाशीच सोडलं गेलं.

सप्टेंबरात रामरावांनी तिला काठावर बोलावलं. त्यांच्या तळहातावर दोन पिल्लं होती. डोकी मोठी, अंग काडीसारखं.

"उपाशी राह्यली. बाकीची तं दिसूनच नाही राहिली. पान्याचं काई खरं नसते, मॅडम."

त्यांनी दोष पाण्याला दिला, तसा तिचा धीर सुटला. "काका, ते आकडे मी मनानं भरले होते."

रामरावांनी पिल्लं पाण्यात सोडली. मग म्हणाले, "आता संस्थेत सांगू नका. तुमाले मी आनलं. माह्या तोंडाकडं पायतीन लोक."

तिनं सरांना फोन करून खरं सांगून टाकायचं म्हटलं. ते म्हणाले, "तू बुडशील आणि मलाही बुडवशील."

संस्थेची बैठक झाली. पावसालाच बोल लागला. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या सालीबी मॅडमच्याच कागदावर चालू." रामराव जमिनीकडं बघत होते. अपेक्षाच्या ओठांवर आलेलं तिथंच अडलं.

"जुन्या कागदावर नको," ती कशीबशी म्हणाली. "मी दर महिन्याला येते. पाणी पाहून सांगते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिचा महिन्याचा एक रविवार धरणावर जातो. होडी रामरावच वल्हवतात. दोघं बोलत नाहीत.