साइट बंद असल्याचा दाखला

मालवणजवळच्या एका ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. गेल्या वर्षी दाखल्यांची साइट आठवडाभर बंद पडली. ग्रामसेवक म्हणाले, "नुसतं तोंडी सांगू नका, मॅडम. पुरावा ठेवा."

कीबोर्डवर 'प्रिंट स्क्रीन' लिहिलेलं बटण होतं. मी ते दाबून प्रिंटरपाशी उभी राहिले. कागद येईना. सात-आठ वेळा दाबलं. शेवटी तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दाबल्यावर फोटो कॉम्प्युटरच्या पोटात राहतो. तो वर्डमध्ये चिकटवा, मग छापा." तेव्हा कुठे पडद्यावरची इंग्रजी एररची चौकट कागदावर आली.

चौथ्या दिवशी मासे विकणारी एक काकी आली. तिला बर्फाच्या पेटीच्या योजनेसाठी रहिवासी दाखला हवा होता.

"रोज येतंय गो बाय. आज तरी दाखलो गावतलो काय?"

मी तिला तो छापलेला कागद दाखवला.

"ह्यात काय लिवलाहा?"

"साइट बंद आहे, असं."

"बंद तर बंद. शिक्को मारून दी. मी येऊन गेलंय, ह्यां तरी कळांदे."

ग्रामसेवकांनी न वाचताच गोल शिक्का मारला.

आठवड्याने ती बांगडे घेऊन आली. "काम झाला गो! तालुक्यात कागद घेतल्यानी, पेटी मंजूर झाली."

मला हसावं की घाबरावं कळेना. बांगडे मात्र घेतले.

मग किनाऱ्यावरच्या आणखी दोघी त्याच योजनेच्या दाखल्यासाठी आल्या. तोवर साइट सुरू झाली होती. मी खरे दाखले काढून दिले, तर दुसऱ्याच दिवशी दोघी परत. "ह्यो चलना नाय म्हणतत. चौकटीचो कागद होयो."

मी तालुक्याला फोन लावला. तिथला कारकून शांतपणे म्हणाला, "मॅडम, पहिल्या अर्जाला जोडलाय तोच नमुना पाठवा. दर वेळी नमुना बदलला तर आम्ही काम कसं करायचं?"

"अहो, त्यावर साइट बंद आहे असं लिहिलंय!"

"इंग्रजीत आहे ना? मग ठीक आहे."

दोघी समोर उभ्या होत्या, टोपल्यांतले मासे उन्हात नरम पडत होते. मी कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली, साइट उघडायचा प्रयत्न केला, एरर आली आणि बटण दाबलं. दोघींची कामं झाली.

महिनाअखेरीच्या बैठकीत आमच्या पंचायतीचं कौतुक झालं, कागदपत्रं व्यवस्थित जोडतात म्हणून. ग्रामसेवकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.